नवा व्हीपीएस धंदा: व्हर्च्युअलायझेशन निवडायचं कसं?

२०१८ सालची गोष्ट. लातूरच्या एका डाळ मिलचं बिलिंग सॉफ्टवेअर मी भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचे भाग पाडून दिलेल्या आभासी मशीनवर, चालवत होतो (असे भाग पाडणं म्हणजेच व्हर्च्युअलायझेशन). उबुंटू लिनक्स १६.०४ वरून १८.०४ वर जायचं म्हणून रात्री अकराला अपग्रेड लावलं. अर्ध्यात स्क्रीनवर एक ओळ आली: ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’. त्यानंतर फायलींची यादी दाखवणारी साधी कमांडसुद्धा चालेना. काहीही टाइप करा, तीच ओळ. सकाळी मिलच्या दारात गाड्या लागणार होत्या आणि पावती फाडायला सॉफ्टवेअर हवं होतं. ज्यांच्याकडून व्हीपीएस घेतला होता त्यांना फोन केला तेव्हा कळलं, की हा ओपनव्हीझेड नावाच्या सॉफ्टवेअरचा कंटेनर आहे, त्याचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मूळ सर्व्हरचाच २.६.३२ आहे आणि तो बदलणं माझ्या हातातच नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. पहाटे चारपर्यंत दुसऱ्या मशीनवर सगळं उभं केलं.

आज मी स्वतः व्हीपीएस विकतो. नांदेड, परभणी, बीडकडची पोरं विचारतात, ‘सर, धंदा सुरू करायचाय, काय टाकू? प्रॉक्समॉक्स टाकू का व्हीएमवेअर?’ माझं म्हणणं असं, की सुरुवात सॉफ्टवेअरच्या नावापासून करू नका. ग्राहक त्या मशीनवर काय चालवणार आहे तिथून सुरू करा. तेवढं पक्कं झालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पहिली पायरी: ग्राहकांची यादी कागदावर

एक वही घ्या आणि पहिले वीस ग्राहक कोण असतील ते लिहा. आपल्याकडे ते साधारण असे असतात: मोंढ्यातले अडत दुकानदार आणि डाळ मिलवाले, ज्यांना टॅली कुठूनही उघडायची असते, नीटचे क्लासेस, ज्यांची टेस्ट सिरीज रविवारी सकाळी एकदम हजार पोरं उघडतात, जालन्याच्या बियाणे कंपन्यांचे वितरक, पतसंस्था, आणि वेबसाइट बनवणारी दोन-चार स्थानिक मंडळी, जी एका व्हीपीएसवर तीस गिऱ्हाइकं बसवतात.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा. विंडोज लागणार की लिनक्स? डॉकर (ॲप्लिकेशन डब्यात भरून चालवायचं साधन) किंवा व्हीपीएन चालवणार का? सगळ्यात जास्त ताण कधी येतो? आणि एक तास बंद राहिलं तर त्याचं काय जातं? टॅलीवाल्याला विंडोज लागतं, म्हणजे कंटेनर तिथेच बाद, कारण लिनक्सच्या कर्नलवर विंडोज कंटेनर म्हणून चालत नाही. वेबसाइटवाल्याला आज ना उद्या डॉकर लागतोच, तेव्हा कंटेनर तिथेही अडचणीचा. माझ्या वहीत वीसपैकी निव्वळ कंटेनरवर भागेल असे फक्त तीन निघाले होते.

दुसरी पायरी: कंटेनर की पूर्ण मशीन

कंटेनर म्हणजे जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं. खोल्या वेगळ्या, कुलपं वेगळी, पण पाया, छप्पर आणि आड एकच. सगळ्या कंटेनरांना कर्नल एकच असतो, होस्टचा, म्हणजे खालच्या मूळ सर्व्हरचा. म्हणून ते हलके असतात, सेकंदात सुरू होतात आणि एका सर्व्हरवर भरपूर मावतात. केव्हीएमसारख्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाला स्वतःच्या प्लॉटवरचं घर मिळतं. त्याचा कर्नल त्याचा असतो, डिस्क त्याची असते आणि अपग्रेड कधी करायचं तेही तोच ठरवतो.

ओपनव्हीझेड २००५ पासून आहे आणि स्वस्त व्हीपीएसचा सगळा बाजार वर्षानुवर्षं त्याच्यावरच चालला. सहाव्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०१९ मध्ये संपला. आज नवीन धंदा त्याच्यावर सुरू करायला मला एकही कारण दिसत नाही. एलएक्ससी ही कंटेनरचीच दुसरी पद्धत; ते मात्र जिवंत आहे, चांगलं आहे आणि मी रोज वापरतो, पण स्वतःच्या कामासाठी: डीएनएस, मॉनिटरिंग, अंतर्गत वेबसाइट. अनोळखी ग्राहकाला रूट, म्हणजे पूर्ण ताबा, देऊन एलएक्ससी विकायचं म्हणजे त्याच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये एकच कर्नल उभा असतो. कर्नलात एखादी फट निघाली तर आख्खा वाडा उघडा पडतो.

रोजच्या धंद्यातली एक अडचणही आहे. प्रॉक्समॉक्स या मशीन सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये एलएक्ससी कंटेनर चालू असताना दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही; तो बंद होतो, हलतो आणि पुन्हा सुरू होतो. केव्हीएमचं मशीन चालता चालता हलतं. होस्टचा कर्नल सुरक्षेसाठी अधूनमधून बदलावा लागतो आणि त्यासाठी सर्व्हर रीबूट करावा लागतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या फटी बाहेर आल्या तेव्हा जगभरच्या होस्टिंगवाल्यांना रीबूटची रांग लावावी लागली होती. अशा दिवशी ग्राहकाला न उठवता मशीन बाजूला काढता येणं फार मोलाचं असतं.

तिसरी पायरी: पूर्ण मशीन, पण कोणतं

चार नावं खरी आहेत.

व्हीएमवेअर वर्षानुवर्षं मोठ्या कंपन्यांचं पहिलं नाव होतं आणि तांत्रिकदृष्ट्या आजही भक्कम आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता वर्गणी भरायची, तीही कोअरच्या संख्येवर आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. महिन्याला सहाशे-आठशे रुपयांचा व्हीपीएस विकणाऱ्याच्या हिशेबात हे बसत नाही. शिवाय तुमचा दर उद्या कोण ठरवणार, हा प्रश्न आहे, आणि तो दुसऱ्याच्या हातात ठेवून धंदा सुरू करू नये.

हायपर-व्ही तेव्हाच, जेव्हा सगळे ग्राहक विंडोजचे असतील आणि तुम्ही स्वतः विंडोज सर्व्हरवर वर्षानुवर्षं काम केलेलं असेल. त्याची मोफत स्वतंत्र आवृत्ती २०१९ चीच शेवटची.

झेन केंब्रिज विद्यापीठातून आला आणि २००३ मध्ये बाहेर पडला. ॲमेझॉनचा क्लाउड २००६ मध्ये त्याच्यावरच उभा राहिला. आज एक्ससीपी-एनजी हे त्याचं चांगलं मोफत रूप आहे. ज्यांना त्याचा सराव आहे त्यांनी ते खुशाल वापरावं. पण वारा कुठल्या दिशेने वाहतो तेही बघा: लिनोड २०१५ मध्ये झेनवरून केव्हीएमवर गेला आणि ॲमेझॉनने २०१७ मध्ये नायट्रो आणलं, तेही केव्हीएमच्याच पायावर.

केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आला आणि तेव्हापासून कर्नलचाच भाग आहे. वेगळं लायसन्स नाही, एका कंपनीची मालकी नाही. माझी निवड हीच, आणि वर प्रॉक्समॉक्स व्हीई. व्हिएन्नाच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर डेबियनवर चालतं, केव्हीएम आणि एलएक्ससी दोन्ही एकाच वेब पडद्यावरून सांभाळतं आणि मोफत वापरता येतं. पैसे भरले तर तपासून दिलेले अपडेट आणि मदत मिळते, आणि दर प्रोसेसर सॉकेटमागे असतो. सुरुवातीला मोफत घ्या. पहिले पंचवीस ग्राहक झाले की वर्गणी भरा, त्यात काटकसर करू नका.

आणखी एक कारण आहे, आणि आपल्यासारख्या गावात ते मोठं आहे. केव्हीएम आणि डेबियन येणारा मुलगा इथे घडवता येतो. लातूर-नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेल्या, लिनक्सची गोडी असलेल्या पोराला तीन महिन्यांत तयार करता येतं, कारण शिकायला सगळं फुकट उपलब्ध आहे आणि सरावाला एक जुना डेस्कटॉप पुरतो. रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस तुमच्या गावात मिळणार नसेल, तर तंत्रज्ञान कितीही चांगलं असो, ते तुमच्या कामाचं नाही.

चौथी पायरी: सर्व्हर

सर्व्हर लातुरात किंवा संभाजीनगरात ऑफिसात ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. लाईट, इंटरनेटची दुहेरी लाइन, थंडावा, तिन्ही गोष्टी घरी जमत नाहीत. रॅक नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये घ्या, आपण इथून चालवा. मी तसंच करतो.

प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची साथ हवी: इंटेलमध्ये व्हीटी-एक्स, एएमडीत एएमडी-व्ही. सर्व्हरच्या प्रोसेसरात ती असतेच, पण जुनं मशीन घेतलं तर बायॉसमध्ये चालू आहे का ते बघा. रॅम ईसीसीच (चूक स्वतः दुरुस्त करणारी) घ्या. आणि शक्यतो दोन्ही-तिन्ही सर्व्हर एकाच पिढीच्या प्रोसेसरचे घ्या. मशीनचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ ठेवला तर वेग पूर्ण मिळतो, पण वेगळ्या प्रोसेसरवर चालत्या मशीनला हलवताना ते कोसळू शकतं. प्रोसेसर मिश्र असतील तर सगळ्यांना चालेल असा सामाईक प्रकार निवडा.

पाचवी पायरी: डिस्क, जिथे खरा धंदा बुडतो

हायपरव्हायजर, म्हणजे आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, निवडायला लोक महिनाभर वाद घालतात आणि डिस्क मात्र दुकानदार देईल ती घेतात. प्रत्यक्षात ‘व्हीपीएस स्लो आहे’ ही तक्रार माझ्याकडे जेव्हा जेव्हा आली, तेव्हा बहुतेक वेळा कारण डिस्कचं निघालं.

घरगुती एसएसडी घेऊ नका. त्यांच्यात लाईट गेल्यावर हातातलं लिहिणं पूर्ण करायची सोय नसते, म्हणून डेटाबेसचं ‘नक्की लिहिलं का’ असं विचारणारं काम त्यांच्यावर रांगतं, आणि त्या लवकर झिजतात. डेटा सेंटरसाठी बनवलेल्या, पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क घ्या आणि जोड्यांनी आरसा पद्धतीने लावा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील.

वर झेडएफएस ही फाइल सिस्टिम घाला. स्नॅपशॉट, कॉम्प्रेशन आणि डेटा सडला तर ओळखण्याची सोय, तिन्ही मिळतं. दोन पथ्यं पाळा. हार्डवेअर रेड कार्डाच्या (डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डाच्या) वर झेडएफएस बसवू नका, त्याला डिस्क थेट दिसू द्या. आणि त्याचा रॅममधला कॅश किती वाढू द्यायचा याची मर्यादा स्वतः घाला, नाहीतर ग्राहकांच्या वाट्याची रॅम तो खातो. एलव्हीएम-थिन ही साठवणुकीची दुसरी पद्धत हलकी आहे, चालते, पण तिचा साठा शंभर टक्के भरला तर त्यावरची सगळी मशीन एकदम अडतात. ८० टक्क्यांवर मोबाइलवर इशारा येईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करा.

सेफ, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर, त्याचं नाव तुमच्या कानावर येईलच. फार सुंदर गोष्ट आहे, पण त्याला निदान तीन सर्व्हर, १० गिगाबिटचं वेगळं नेटवर्क आणि प्रत्येक डेटाच्या तीन प्रती लागतात. पहिल्या वर्षी नको. त्याऐवजी प्रॉक्समॉक्सची झेडएफएस प्रतिकृती वापरा: ठरावीक वेळाने, मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटांनी, मशीनची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर जाते. पहिला सर्व्हर जळाला तर जास्तीत जास्त तेवढ्या मिनिटांचं काम जातं. हे ग्राहकाला आधीच सांगा, करारात लिहा.

सहावी पायरी: किती विकायचं याचा हिशेब

हा हिशेब मी नेहमी कागदावर मांडतो. समजा सर्व्हरला ३२ कोअर, २५६ जीबी रॅम आणि ३.८४ टीबीच्या चार एनव्हीएमई आहेत. डिस्क दोन-दोनच्या आरशात लावल्या की हाताशी साधारण ७.६८ टीबी उरते. रॅममधून होस्टला १६ आणि झेडएफएसला २४ जीबी काढा, राहिली २१६. ग्राहकाचं मशीन ४ जीबीचं असलं तरी केव्हीएम स्वतःसाठी थोडी घेतो, म्हणून सव्वाचार धरा. झाली ५० मशीन. प्रत्येकाला दोन व्हीसीपीयू (आभासी कोअर) म्हणजे शंभर, कोअरमागे तीन. हे बरं चालतं. प्रत्येकी ८० जीबी डिस्क म्हणजे ४ टीबी, निम्म्याच्या आसपास. हेही ठीक.

पण ५० विकायची नाहीत. तीन सर्व्हर असतील आणि एक गेला, तर त्याची मशीन उरलेल्या दोघांवर मावली पाहिजेत. म्हणून तिघांवर मिळून शंभर, म्हणजे प्रत्येकावर ३३. दोनच सर्व्हर असतील तर प्रत्येकावर २५. आणि दोनच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या गटात, एक बंद पडला की दुसऱ्याला बहुमत मिळत नाही, म्हणून मतदानापुरतं तिसरं छोटं मशीन जोडा.

सीपीयू वाटून द्यायला हरकत नाही, कारण सगळे एकाच वेळी वापरत नाहीत. रॅम मात्र जेवढी विकली तेवढी खरोखर असलीच पाहिजे. तेरा जणांना मिळून बाराच ताटं वाढली तर कोणीतरी उपाशी उठतो, आणि बहुधा तो तोच असतो ज्याची त्या दिवशी परीक्षा असते. ग्राहकाच्या मशीनमध्ये ‘टॉप’ कमांड लावली की ‘एसटी’ नावाचा आकडा दिसतो, म्हणजे प्रोसेसरसाठी तो किती वेळ ताटकळला. तो सतत पाच टक्क्यांच्या वर राहिला तर मी त्या सर्व्हरवर विक्री थांबवतो.

सातवी पायरी: विकण्याआधी पंधरा दिवस छळा

एक सर्व्हर महिनाभरासाठी भाड्याने घ्या आणि मोडायचा प्रयत्न करा. एका मशीनमधून डिस्कवर सतत लिहित राहा आणि शेजारच्या मशीनवरच्या डेटाबेसला किती फरक पडतो ते मोजा. फरक जास्त दिसला तर प्रत्येक मशीनच्या डिस्कला लिहिण्या-वाचण्याची मर्यादा घाला. दुसरा सर्व्हर हाताशी असेल तर चालतं मशीन त्यावर हलवून बघा, आणि त्या वेळी पिंग चालू ठेवा. सर्व्हर सरळ बंद करा, रीतसर नाही, आणि काय काय परत येतं ते बघा.

विंडोज स्वतः बसवून बघा. पहिल्यांदा बसवताना पडद्यावर डिस्कची यादी रिकामी दिसेल आणि वाटेल की काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. विंडोजकडे व्हर्टआयओचा, म्हणजे केव्हीएमच्या आभासी डिस्क-नेटवर्कचा, ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडीच्या जागी जोडा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, फोल्डर दाखवा, की डिस्क दिसते. त्यानंतर नेटवर्कचा ड्रायव्हर बसवा आणि मग त्या मशीनचा साचा करून ठेवा. टॅलीवाला प्रत्येक ग्राहक या साच्यातून निघेल. लिनक्ससाठी क्लाउड-इनिटचे साचे करा. पासवर्ड, आयपी आणि डिस्कचा आकार पहिल्या सुरुवातीलाच बसतो. विंडोजचं लायसन्स दुकानातून आणलेलं चालत नाही. दुसऱ्याला भाड्याने द्यायचं तर मायक्रोसॉफ्टचा होस्टिंगसाठीचा वेगळा करार लागतो. तो खर्च दरात आधीच धरा.

बॅकअप तर घ्यालच, पण परत आणून बघितला का? ८० जीबीचं मशीन १ गिगाबिटच्या लाइनवरून परत यायला साधारण पावणेअकरा मिनिटं लागतात. तीच लाइन १०० मेगाबिटची असेल तर पावणेदोन तासांच्या वर. मी पहिल्यांदा हे घड्याळ लावून केलं तेव्हा बॅकअपचा सर्व्हर चुकीच्या पोर्टवर आहे हे कळलं, ग्राहक नसताना कळलं. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर, शक्य तर वेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवा. तो फक्त बदललेला भाग उचलतो, त्यामुळे रोज रात्री घेणं परवडतं.

आठवी पायरी: नेटवर्क आणि कागदपत्रं

प्रत्येक मशीनला त्याचाच आयपी आणि त्याचाच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) वापरता येईल असं फायरवॉलमध्ये बांधून टाका, नाहीतर एखादा ग्राहक शेजाऱ्याचा आयपी उचलतो. ईमेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट नवीन ग्राहकाला बंद ठेवा, ओळख पटल्यावर उघडा. एका स्पॅमवाल्यामुळे तुमची २५६ आयपींची आख्खी रांग काळ्या यादीत जाऊ शकते, आणि त्यात पतसंस्थेचंही मशीन असतं. स्वतःचे आयपी घ्यायचे तर देशात इरिन ही नोंदणी संस्था आहे. सुरुवातीला डेटा सेंटरकडून भाड्याने घेतले तरी चालतात.

केव्हीएम घेतला म्हणून निर्धास्त होऊ नका. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाची फट सापडली होती, आभासी मशीनच्या फ्लॉपीच्या सोंगातून थेट होस्टपर्यंत वाट निघत होती. जी उपकरणं मशीनला लागत नाहीत ती काढून टाका आणि अपडेटचा वार ठरवून ठेवा.

आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा, व्हीपीएस विकणाऱ्यांचं नाव त्यात थेट आहे. ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता आणि संपर्क, भाड्याचा काळ, दिलेले आयपी, नोंदणीच्या वेळचा ईमेल, आयपी आणि वेळ, तसंच घेण्याचा हेतू, हे सगळं सेवा संपल्यानंतरही ५ वर्षं जपून ठेवावं लागतं. लॉग १८० दिवस. सुरक्षेची घटना घडली तर कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं. म्हणून बिलिंगचं सॉफ्टवेअर निवडतानाच ‘ही माहिती यात राहते का’ हे विचारा आणि सगळ्या सर्व्हरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जोडा.

पहिले ग्राहक

एवढं झालं की वहीतली यादी पुन्हा काढा. ज्यांचं एक तास बंद राहिलं तरी फार बिघडत नाही, त्यांच्यापासून सुरू करा: वेबसाइटवाले, मग वितरक, मग टॅलीवाले. क्लासची टेस्ट सिरीज तिसऱ्या महिन्यानंतर, आणि तीही एखाद्या शनिवारी रात्री खोट्या हजार विद्यार्थ्यांचा भार टाकून बघितल्यावर. पतसंस्था सगळ्यात शेवटी, जेव्हा तुम्ही एक सर्व्हर दिवसाढवळ्या मुद्दाम बंद करून बघितलेला असेल आणि कोणाचाही फोन आलेला नसेल.